बेडक्याच्या डबीपासून सहाव्या महिन्यापर्यंत: टीबीचा उपचार गावात आणि वॉर्डात कसा चालतो

टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. साध्या टीबीला ते सहा महिने घ्यावं लागतं आणि नेमानं घेतलं तर बहुतेक माणसं ठणठणीत बरी होतात. हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही २०२३ साली भारतात सुमारे २८ लाख लोकांना टीबी झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे जगातल्या दर चार रुग्णांपैकी एक आपल्याकडचा. औषध हाताशी असताना रोग का हटत नाही, हे समजून घ्यायचं तर दिल्लीतल्या घोषणांपेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताई आणि वॉर्डातलं क्षयरोग पथक यांचं रोजचं काम पाहावं लागतं. माझ्या मते टीबीची लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

आधी रोगाबद्दल थोडं. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो तेव्हा जंतू अतिसूक्ष्म थेंबांतून हवेत येतात. बंद, कोंदट खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर विरळ होतात, ऊन लागलं तर मरतात. ताट-वाटीतून, कपड्यांतून किंवा हात मिळवल्यानं टीबी पसरत नाही. आपल्याकडे मात्र रुग्णाचं भांडं वेगळं काढतात आणि तो झोपतो त्या खोलीची खिडकी थंडी नको म्हणून बंद ठेवतात. व्हायला हवं नेमकं उलटं.

जंतू शरीरात शिरला म्हणजे लगेच रोग झाला, असंही नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो वर्षानुवर्षं गप्प राहतो. अशा माणसाला काही त्रास नसतो आणि त्याच्यापासून इतरांना लागणही होत नाही. यांतल्या साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष टीबी होतो. पोटाला पुरेसं मिळत नसेल, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, दारू-तंबाखूची सवय असेल तर हा धोका बराच वाढतो. टीबी मणक्याला, मेंदूच्या आवरणाला, मानेतल्या गाठींना, गर्भाशयालाही होतो, पण दुसऱ्याला लागण होते ती मुख्यतः फुफ्फुसाच्या टीबीतून. बाळाला जन्मल्यावर देतात ती बीसीजी लस लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते. मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या टीबीवर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही.

आता मुख्य अडचण. रुग्ण सापडणार कसा?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरणं, रात्री घाम फुटणं, कधी थुंकीतून रक्त, ही लक्षणं शाळेच्या भिंतीवरही लिहिलेली असतात. तरी माणूस आधी मेडिकलवाल्याकडून खोकल्याची बाटली आणतो. मग जवळचे डॉक्टर, चार दिवसांच्या गोळ्या, थोडं बरं, पुन्हा खोकला, मग दुसरे डॉक्टर. यात महिना-दोन महिने सहज जातात आणि तेवढा काळ घरातली माणसं तीच हवा घेत असतात. २०१९ ते २०२१ या काळात देशभर टीबीचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात लक्षणं असलेल्या लोकांपैकी ६४ टक्के कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. आणखी महत्त्वाचं म्हणजे, छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हातातून सुटले असते. नुसता 'खोकला आहे का?' हा प्रश्न पुरत नाही, हे त्या आकड्यांनी दाखवून दिलं.

म्हणून यंत्रणेला दारोदार जावं लागतं. महाराष्ट्रात क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या शोधमोहिमा अनेकदा एकत्रच घेतल्या जातात. आशाताई आणि सोबत एक पुरुष स्वयंसेवक घरोघर जातात, अंगावर न दुखणारा, न खाजणारा चट्टा आहे का ते पाहतात आणि खोकल्याचीही चौकशी करतात. ७ डिसेंबर २०२४ ला देशातल्या ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रं वस्त्यांपर्यंत नेली गेली. रोजंदारी बुडवून तालुक्याला जाणं ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

संशयित सापडला की पाळी येते डबीची. छोटी, झाकणाची प्लास्टिकची डबी. वरकरणी क्षुल्लक वाटणारी ही पायरी नीट पार पडली नाही तर पुढचं सगळं अडतं. तपासणीला बेडका लागतो, म्हणजे छातीतून निघालेला घट्ट कफ. लोक लाळ थुंकून देतात. पातळ, फेसाळ नमुना आला की प्रयोगशाळेतून निरोप येतो, पुन्हा पाठवा. पुन्हा म्हणजे आणखी एक खाडा, आणि इथेच कितीतरी माणसं गळतात. म्हणून अनुभवी आशाताई डबी देताना घाई करत नाहीत. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, अंगणात किंवा गच्चीवर मोकळ्या हवेत जा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, शेवटचा श्वास जरा रोखून धरा आणि पोटातून जोर लावून खोका. डबी तोंडाजवळ धरा, बाहेर सांडू देऊ नका, झाकण घट्ट लावा. शक्यतो दोन नमुने घेतात, एक त्याच वेळी आणि दुसरा पहाटेचा.

पूर्वी हा बेडका काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ती पद्धत अजून आहे, पण जंतू कमी असतील तर ती चुकते, आणि औषधाला न जुमानणारा जंतू तिला ओळखताच येत नाही. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रं जंतूची जनुकं शोधतात. सीबीनॅटचा निकाल साधारण दोन तासांत हाती येतो आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही कळतं. ट्रूनॅट ही गोव्यात वेर्णे इथल्या मोल्बिओ कंपनीची निर्मिती. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जाणाऱ्या आरोग्य केंद्रातही वापरता येतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली. आपल्या शेजारी तयार झालेली तपासणी जगभर जाते आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

टीबी निघाला की रुग्णाची नोंद 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत होते. २०१२ पासून टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. त्यामुळे लोक घाबरतात, पण नोंद होते ती औषधं, तपासण्या आणि घरभेटीची सोय व्हावी म्हणून. खाजगी डॉक्टरांना या चौकटीत आणणं का गरजेचं होतं, ते धारावीतल्या दोन अभ्यासांवरून कळतं. १९९१ च्या अभ्यासात १०० खाजगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०६ पैकी फक्त ६ डॉक्टरांना बरोबर प्रिस्क्रिप्शन लिहिता आलं. चुकीचा डोस, चुकीचं मिश्रण, अर्धवट उपचार, याच वाटेनं जंतू औषधांना निबर होतात. आज खाजगी डॉक्टरकडे राहूनही रुग्णाला सरकारी औषधं मोफत मिळू शकतात. डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तरी रुग्णानं विचारावं.

घरी राहून टीबी बरा होतो, हे जगाला पटवून दिलं भारतानं. १९५० च्या दशकापर्यंत उपचार म्हणजे सॅनेटोरियम, टीबीच्या रुग्णांना ठेवायचं खास रुग्णालय. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला लोक महिनोन् महिने राहत. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या टीबी संशोधन केंद्रानं गरीब वस्त्यांतल्या रुग्णांवर घरी आणि सॅनेटोरियममध्ये उपचार करून तुलना केली. घरी औषध घेणारेही तितकेच बरे झाले. तिथपासून टीबीचा उपचार वस्तीतल्या माणसांच्या हातात आला, आणि औषध चुकू न देण्याची जबाबदारीही.

साध्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं. २०१७ पासून ती रोज घ्यायची, एकत्र केलेल्या गोळीत, वजनाप्रमाणे. किती गोळ्या ते वजनावर ठरतं, म्हणून वजनकाटा इथे औषधाइतकाच महत्त्वाचा. वजन वाढलं तर गोळ्यांची संख्याही बदलावी लागू शकते.

पहिल्याच दिवशी रुग्णाला सांगायला हवी अशी एक गोष्ट आहे: लघवी केशरी होते. रिफॅम्पिसिनमुळे घाम आणि अश्रूंनाही रंग येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण कुणी सांगितलं नसेल तर माणूस रक्त समजून हादरतो आणि गोळ्या फेकून देतो. मळमळ, सांधेदुखी, तळपायाला मुंग्या यांवर उपाय असतात, त्यासाठी औषध सोडायची गरज नसते. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा नजर धूसर झाली, रंग ओळखता येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

खरा कस लागतो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबलेला असतो, भूक लागते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि त्याला वाटतं, झालं की बरं. जंतू मात्र अजून शिल्लक असतात. तालुक्याच्या पथकात एक वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक असतो, लोक त्याला एसटीएस म्हणून ओळखतात. मोटारसायकलवर फिरून तो अशाच रुग्णांची गाठ घेतो. रिकामं पाकीट मागतो, गोळ्या मोजतो, घरच्यांशी बोलतो. रोज समोर गोळी घ्यायला लावणारं माणूस आता आशाताई, शेजारी किंवा घरातलंही कुणी असू शकतं. मला वाटतं, दमदाटीपेक्षा 'काय त्रास होतोय?' हा प्रश्न जास्त रुग्ण टिकवतो. गोळ्या सोडणाऱ्याला बेफिकीर ठरवणं सोपं असतं. पण बऱ्याचदा त्याला उपाशीपोटी गोळ्या सोसत नसतात, किंवा मुकादमानं सुट्टी दिलेली नसते.

ऊसतोड मजुरांचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकाकडे निघतात. उपचाराच्या मध्यावरच गाव सुटतं. निक्षयमुळे नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे पाठवता येते आणि तिथल्या केंद्रातून औषध मिळतं. पण त्यासाठी निघण्याआधी आशाताईला सांगावं लागतं, सोबत थोडा साठा घ्यावा लागतो आणि उसाच्या फडापासून आरोग्य केंद्र किती लांब आहे हेही कुणीतरी बघावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी उपचार तुटतो.

उपचार तुटले किंवा मुळात चुकीचे झाले तर काय होतं, ते मुंबईनं फार जवळून पाहिलं आहे. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी त्या वेळी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण जगापुढे मांडले आणि खळबळ उडाली. त्यानंतर मुंबईत पैसा, यंत्रं, माणसं वाढली आणि वॉर्डनिहाय क्षयरोग अधिकारी आले. त्या काळी औषधरोधक टीबीचा उपचार दीड-दोन वर्षांचा असे. त्यात महिनोन् महिने इंजेक्शनं, आणि काहींची ऐकण्याची शक्ती कायमची जायची. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी ती अशीच गमावली. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. दोन बऱ्या झालेल्या रुग्णांनी पुढच्या रुग्णांसाठी मिळवलेला हा विजय आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं चार औषधांची, फक्त गोळ्यांची, सहा महिन्यांची नवी योजना मंजूर केली. कुणाला ती लागू पडेल हे तपासण्यांवरून डॉक्टर ठरवतात.

औषध बदललं तरी घर तेच राहतं. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींकडे बघा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबीचं प्रमाण जास्त आढळलं. झोपडीतून 'पक्क्या' घरात आलेल्या माणसांना त्या घरानंच आजारी पाडावं, हे मला असह्य वाटतं. दोन इमारतींत किती अंतर सोडायचं हा प्रश्न बांधकाम खात्याइतकाच आरोग्य खात्याचा मानला पाहिजे.

ताटाचंही तसंच. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून जास्त माणसं घेऊन 'राशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला. सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर दरमहा धान्य, डाळ, दूध पावडर, तेल दिलं. निम्म्या भागांत घरातल्या इतरांनाही दरमहा तांदूळ आणि डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, आणि संसर्गजन्य टीबीचं जवळपास निम्म्यानं. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी होता, हेही दिसलं. पन्नास किलोच्या माणसाला अडीच किलो! तांदूळ-डाळीनं रोग रोखता येतो, याचा इतका ठाम पुरावा क्वचितच मिळतो.

सरकार २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार संपेपर्यंत दरमहा ५०० रुपये देत होतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे थेट बँक खात्यात जातात, त्यामुळे खातं बंद पडलेलं असेल किंवा आधारशी जोडलेलं नसेल तर रक्कम अडकते. उपचार सुरू होताच पासबुक दाखवून हे काम उरकून घ्यावं. 'निक्षय मित्र' होऊन कुणीही, म्हणजे गणेश मंडळ, साखर कारखाना, निवृत्त शिक्षक, एखाद्या रुग्णाचा पोषण आहार उचलू शकतो. फक्त टोपली देतानाचा फोटो नको. गावभर चेहरा झाला की त्या घरातल्या मुलीचं लग्न मोडतं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणूनच काही रुग्ण आशाताईला सांगतात, घरी येऊ नका, मीच चौकात येऊन भेटतो.

घरात एक रुग्ण निघाला की बाकीच्यांची तपासणी व्हायलाच हवी, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची. ज्यांना टीबी झालेला नाही त्यांना प्रतिबंधात्मक गोळ्या देतात. रोज एक याप्रमाणे सहा महिने, किंवा नव्या पद्धतीत आठवड्यातून एकदा असे एकूण १२ डोस. 'मला काही झालेलंच नाही, मग औषध कशाला?' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्तच आहे. उत्तर एवढंच, की जंतू झोपलेला असतानाच त्याला संपवणं सोपं जातं. गोळ्या सुरू करण्याआधी प्रत्यक्ष टीबी नाही याची खात्री मात्र करून घ्यावी लागते.

ग्रामपंचायतींसाठी २०२३ पासून 'टीबीमुक्त पंचायत' उपक्रम आहे. हजार लोकसंख्येमागे रुग्ण एक किंवा त्याहून कमी, ही त्यातली एक अट. नुसती ही अट असती तर रुग्ण शोधूच नका, असा त्याचा अर्थ झाला असता. पण हजारामागे किमान ३० संशयितांची तपासणी झालेली असावी, ही दुसरी अटही सोबत आहे. ग्रामसभेत प्रमाणपत्राआधी याच आकड्याची विचारणा व्हावी. तपासण्या किती झाल्या, कुठल्या वाडीत झाल्या, वीटभट्टीवरच्या लोकांच्या झाल्या का?

पुरवठ्याकडेही लक्ष हवं. मार्च २०२४ मध्ये औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्रानं राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं. रुग्णाला महिनाभराऐवजी चार-आठ दिवसांच्या गोळ्या मिळू लागल्या की त्याच्या फेऱ्या वाढतात आणि इतक्या कष्टानं टिकवलेला माणूस गळतो. देशातलं टीबीचं प्रमाण २०१५ मधल्या लाखामागे २३७ वरून २०२३ मध्ये १९५ वर आलं. ही घट खरी आहे, पण २०२५ पर्यंत क्षयमुक्तीचं जे उद्दिष्ट ठेवलं होतं त्यापासून आपण लांब आहोत.

तुमच्या ओळखीत कुणाला दोन आठवड्यांपासून खोकला असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन बेडका आणि एक्स-रे दोन्हीची तपासणी मागा, ती मोफत असते. निकाल 'टीबी आहे' असा आला तर चार गोष्टी विचारा: जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतो का, निक्षय क्रमांक काय, मधुमेह आणि एचआयव्हीची तपासणी कधी, आणि घरच्यांना कधी आणू. औषध संपलं असं सांगितलं गेलं किंवा पैसे जमा झाले नाहीत, तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करून निक्षय क्रमांकासह तक्रार नोंदवता येते.